तातू तांडेलाची तिसरी

माडजुव्याच्या शाळेवर माझी बदली झाली, तेव्हा राहायला खोली हवी म्हणून मी तातू तांडेलाच्या ओटीवर जाऊन उभा राहिलो. त्यानं माझं सगळं म्हणणं ऐकून घेतलं, विडी विझवून कानावर ठेवली आणि म्हणाला, "जरा ऱ्हावा मास्तर. घरात विचारून येतो."

मला वाटलं, आत जाईल. तो बाहेर गेला. अंगणाच्या कडेला बांबूचं कुंपण घातलेलं एक रुईचं झाड होतं, माणसाच्या छातीएवढं. तातू त्याच्यापुढे वाकला, काहीतरी बोलला, कान देऊन ऐकलं, मान हलवली आणि परत येऊन म्हणाला, "ऱ्हाऊद्या म्हनते. पन सुकटीच्या वासाला नाक मुरडायचा नाय, असा बोललीय."

"कोण बोलली?"

"आमची," तातू म्हणाला. "माजी तिसरी."

मी चार बुकं शिकलेला माणूस. रत्नागिरीत असताना भोळ्या समजुतींवर मी स्वतः एक व्याख्यानही दिलं होतं. त्याला श्रोते कमी आले, कारण त्या दिवशी अमावास्या होती. तेव्हा झाडाशी बोलणाऱ्याच्या घरात बिऱ्हाड करावं की नाही, असा विचार मला पडायला हवा होता. पण खोली हवेशीर होती, दार आणि चूल वेगळी होती, आणि घरची मालकीण माझ्या चुलीपाशी येऊन ढवळाढवळ करण्यातली नव्हती. राहिलो.

खाडीत चहूबाजूंनी पाण्यानं वेढलेल्या जमिनीला आमच्याकडे जुवं म्हणतात. माडजुवं म्हणजे तसलंच एक लहानसं बेट. माड, खारव्यांची आणि भंडाऱ्यांची घरं, एक मारुती, आणि अख्ख्या जिल्ह्याला पुरून उरतील एवढ्या रीती. नवरी इथं भरतीलाच उतरायची. ओहोटीला उतरली तर घरची लक्ष्मी पाण्याबरोबर बाहेर जाते. माणूस मात्र ओहोटीला मरायचा. भरतीला कोणी मेलाच तर त्यानं उगाच घाई केली असं समजत.

तातू तांडेल होता, म्हणजे होडीचा कारभारी. भरती-ओहोटीचं त्याला कळायचं, आणि त्या वाटेनं बेटावरची लग्नं आणि मरणंही त्याच्या कारभारात आली होती. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना झाला की तातूला बोलावणं जाई. एकदा एका म्हातारीच्या पिंडाकडे कावळा ढुंकून बघेना. मुलांनी हात जोडून नाही नाही ती वचनं दिली. तातू आला, थोडा वेळ पिंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सुनेला पुढं करा. 'आत्याबाय, तुमच्या हातचा कालवन माज्यापेक्षा बरा व्हायचा,' असा मोठ्यान बोल म्हनावं."

सून बोलेना. ऊन चढलं. लोकांची पोटं कुरकुरायला लागली. शेवटी दातओठ खाऊन ती बोलली, आणि कावळा उतरला. कावळ्याला भूक लागली असावी, असं माझं मत होतं. ते सुनेला पटलं. बाकी कोणाला नाही.

आता तिसरीचं सांगतो. तातूच्या दोन बायका एकीमागून एक गेल्या. पहिली बाळंतपणात, दुसरी तापानं. तिसरं लग्न करणाऱ्याची बायको जगत नाही, असं म्हणतात. त्यावर तोडगाही आहे. तिसरं लग्न रुईशी लावायचं. भटजी, अक्षता, मंगळसूत्र, सगळं रीतसर. मग रुई तोडून टाकायची. तिसरीच्या वाट्याचं मरण रुईला पावलं, आणि खरी बायको झाली चौथी. ती सुखरूप. यमराज इतक्या सहज फसतो हे कळल्यावर मला त्याची थोडी कीवच आली.

तातूचंही तसंच ठरलं. मुलगी पलीकडच्या काठावरची. सकाळी रुईशी लग्न लागलं, दुपारच्या भरतीला नवरीची होडी आली. तातूचा चुलता रुई तोडायला कोयता घेऊन निघाला, तर तातूनं तो त्याच्या हातातून काढून घेतला. म्हणाला, "माजा लगीन झालाय. बायको जिती हाय. आनी दुसरी कशाला?"

आई रडली, चुलत्यानं शिव्या दिल्या, भटजींनी शास्त्र सांगितलं. तातू रुईपुढे हात पसरून उभा. शेवटी ओहोटीबरोबर नवरीची होडी आल्या वाटेनं परत गेली, आणि दोन बायकांच्या मरणानं तातू तांडेलाचं डोकं फिरलं असा बोभाटा खाडीच्या दोन्ही काठांवर झाला. त्यालाही आता एक पिढी लोटली होती.

डोकं फिरलं असेल. पण संसार त्यानं नेटानं केला. दिवाळीला रुईला नवा खण. शेळ्यांना चार हातांवरच हाकललं जाई. वटपौर्णिमेला तो झाडाला पाणी घालीत नसे. "उपास हाय तिचा." वर आभाळ फुटलेलं असायचं, पण ते त्याच्या हातात नव्हतं. कधी दोघांचं बिनसलं की तो झाडाकडे पाठ करून जेवायला बसे, आणि अर्ध्या जेवणात मान वळवून म्हणे, "बरा, चुकला माजा."

शनिवारी खरी धमाल. मारुतीला रुईच्या पानांची माळ लागते. एका भाविकानं तातूच्या कुंपणात हात घातला. तातू वल्हं घेऊनच धावला.

"बाईमानसाच्या अंगावर हात टाकतोस, मेल्या?"

"देवासाठी नेतोय रे तातू!"

"तो देव ब्रह्मचारी! त्याला परक्याची बायको कशाला? किनाऱ्यावर रुया थोड्या हायत? त्या बिनलग्नाच्या तोड!"

भाविक किनाऱ्याकडे पळाला. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं.

तातूच्या तिसरीची मतं आणि तातूची मतं नेहमी जुळत. त्याला जत्रेला जायचं नसलं की तिला ते पसंत नसे. पण जिवंत बायकांची मतंही पुष्कळ नवरे अशीच सांगतात, तेव्हा तो पुरावा मी धरला नाही.

घरात तिसरं माणूस म्हणजे शेवंती, तातूच्या भावाची पोरकी मुलगी. तिला तातूनंच वाढवलं. रुईला ती काकी म्हणायची आणि केर टाकायला जाताना, "काकी, पाय उचल गो," म्हणून पुढे जायची. त्या वर्षी माघात तिला स्थळ आलं. मुलगा मुंबईला गोदीत कामाला, घर पलीकडच्या काठावर, आई हयात. एरवी मीठ आणायचं झालं तरी घरात विचारणारा तातू, मुलाच्या घराचं नाव ऐकल्याबरोबर म्हणाला, "ठरला."

"घरात विचारायचं नाही?" मी चेष्टेनं म्हणालो.

"नको," तो म्हणाला आणि सुपारी आणायला निघून गेला.

या गोड घासातला खडा म्हणजे नवऱ्या मुलाचा मामा. त्याला स्वतःची मुलगी या भाच्याला द्यायची होती, आणि ती संधी हुकल्यापासून तो मोडता घालायला टपला होता. साखरपुड्याला जरीचा रुमाल बांधून आला. पानसुपारी घेताना रुईकडे बघून मोठ्यानं म्हणाला, "या आमच्या विहीणबाई का? प्रकृती बरी आहे ना? नाहीतर ऐन लग्नात सुतक काढाल!"

सगळे हसले. तातू हसला नाही. "ठनठनीत हाय," म्हणाला.

"असू दे. पण नातं मानता, तर पुरतं माना हो तांडेल. सुतकात आम्ही मुलगी उचलणार नाही."

लग्न वैशाखात ठरलं. मुलाची रजा तेवढीच. पुढची आगबोट चुकली की पावसामुळे बोटी बंद, आणि मामा आपली मुलगी पुढे करायला मोकळा. त्यामुळे अंगणात मांडव चढायला लागला तेव्हा अख्ख्या बेटाला चेव आला. कोणी माडाच्या झावळ्या आणल्या, कोणी केळी आणल्या, बायकांनी उखळावर गाणी धरली. मुहूर्तमेढ रोवायला खड्डा खणला, तो नेमका कुंपणाला खेटून, कारण तातूचा आग्रह, "तिला आपल्या पोरीचा लगीन दिसाया होवा." पहारीनं एक जाड मूळ तुटलं. दुधासारखा चीक आला. माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रुईनं मान टाकली. त्यानंतर पानं पिवळी पडली. तातू घागरीमागून घागर ओतत होता. मी म्हटलं, "तांडेल, मूळ तुटलंय. पाण्यानं काही होणार नाही." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की पुढची घागर मीच भरून आणली.

मग बापूभटजी मांडवदेवतेला आले. रुईचं लग्न यांनीच लावलेलं. तातू त्यांच्या शेजारी टेकला.

"भटजीबुवा, एक इचारू? समजा हां. समजा, कुनाच्या घरची रुई गेली."

"गेली तर गेली. झाडाला कसलं सुतक?"

"मग लगीन कसा लागला?"

"अरे, तो विधी असतो."

"आनी शेवंतीचा लावनार तो?"

भटजींनी जानवं एका खांद्यावरून दुसऱ्यावर नेलं आणि परत आणलं. एक लग्न खोटं म्हणावं तर त्याच तोंडानं लावलेली बेटावरची सगळी लग्नं डुगडुगायला लागत होती. त्यांनी पाणी मागितलं. प्यायले. "लागलं होतं," म्हणाले. "पुरतं लागलं होतं. मीच लावलं."

"मग सुतक?"

"धरावं लागेल. तू धर, मुलीनं धरावं." आणि खाली मान घालून, "बरी आहे ना रे ती?"

"बरी हाय," तातू म्हणाला. "जरा अशक्त."

लग्नाच्या आदल्या सकाळी शेवटचं हिरवं पान गळलं. मी अंगणात गेलो तर तातू मोठमोठ्यानं सगळ्यांना हाका मारत होता. "लांब व्हा, लांब व्हा! घरातली बाहेरची झालीय! चार दिवस कोनी जवळ यायचा नाय!"

घरातली बाई बाहेरची असली की तिनं कोपऱ्यात बसायचं, तिला कोणी शिवायचं नाही, ही रीत घरोघरची. झाडाला ती लागू करणारा मात्र तातूच. आधी बायका भानावर आल्या. "अगो बाय, मांडव खेटून हाय की!" मांडव उचलून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेण्यात आला. रुईच्या भोवती माडाच्या विणलेल्या झापांचा आडोसा झाला, चांगला डोक्यावरून जाईल एवढा. भटजी हे सगळं तोंड उघडं टाकून बघत होते. मी जवळ गेलो तेव्हा हळूच म्हणाले, "मास्तर, याला शास्त्रात उत्तर नाही."

मी शेवंतीकडे पाहिलं. हळद लागलेली पोर झापांकडे बघून पदरात तोंड खुपसून बसली होती. तिला कळलं होतं. माझ्या मते कुत्र्यामांजरांनाही कळलं होतं. पण बोलला कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी भरतीला वऱ्हाडाची होडी आली. ताशे कडाडले, लोक गुडघाभर पाण्यात धावले, नवरा मुलगा खांद्यावरून उतरला. त्याच्यामागून त्याची आई उतरली. पार्वतीबाई, हिरव्या लुगड्यातली, ठसठशीत कुंकवाची. आणि सगळ्यांच्या मागून जरीचा रुमाल.

मामा मांडवात बसला तो नाक वर करूनच. "हा आडोसा कसला?"

सांगितलं.

"बाहेरच्या?" मामा इतका हसला की रुमाल सुटला. मग हसणं थांबलं. वारा सुटला होता, आणि झापांच्या खालून एक सुकं, कुरकुरीत पान घरंगळत येऊन बरोबर त्याच्या पायाशी थांबलं. त्यानं ते उचललं, बोटांत चुरडलं आणि उभा राहिला.

"तांडेल, हे झाड मेलंय."

"जिती हाय," तातू म्हणाला. त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"मग बघू दे. सुतकातली मुलगी आम्ही नेणार नाही. पोरा, ऊठ पाटावरून!"

ताशे थांबले. नवरा मुलगा अर्धवट उठला. शेवंतीनं हातातली माळ खाली घेतली. मामा झापांकडे निघाला, आणि तातू त्याच्या वाटेत हात पसरून उभा राहिला.

"दादा!"

पार्वतीबाई उठल्या होत्या. "बाईमाणूस बाहेरची असताना पुरुषानं आडोशात डोकावायचं? ही आपल्या घरची रीत?"

"अगं, ते झाड..."

"मी बघते. तू बस."

विहिणीच्या ओटीचं ताट उचलून त्या एकट्या झापांच्या आड गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. बांगड्या किणकिणल्या. मांडवात माणसं असूनही खाडीचं पाणी ऐकू येत होतं. मग त्या बाहेर आल्या, पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बऱ्या आहेत. अशक्तपणा आहे जरा. भरती उतरायच्या आत लग्न उरका म्हणाल्या."

बापूभटजींनी इतक्या जोरात मंगलाष्टकं सुरू केली की मामाचा पुढचा शब्द कोणालाच कळला नाही. अक्षता उडाल्या, ताशेवाल्यांनी ताशे फोडायचे तेवढे बाकी ठेवले, आणि माझ्यासारख्या माणसानंही कोणाला तरी मिठी मारली. नंतर पाहिलं तर ते भटजी होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा भरती साधून शेवंती सासरी निघाली. ती रडली, बेट रडलं. पार्वतीबाई होडीत चढण्याआधी तातूपाशी थांबल्या. "येते," म्हणाल्या. तो म्हणाला, "या." एवढंच.

संध्याकाळी तातू झाप सोडवायला लागला. मी मदतीला गेलो. आत रुईचं काळं पडलेलं खोड उभं होतं. पण खोडाला ताजं कुंकू लावलेलं होतं. मुळाशी नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. विहिणीच्या मानाचा खणही तिथंच. आणि एका वाळक्या फांदीत हिरव्या बांगड्या घातलेल्या होत्या. नवरा जिवंत असताना बाई गेली, की अशीच तिची ओटी भरून तिला पाठवतात.

"हे कोणी केलं?" मी विचारलं, आणि विचारताविचारताच मला कळलं.

तातू खाली बसला. "पारूनं," म्हणाला. "त्या दिवशी होडीतनं आली होती ती, आनी परत गेली ती."

मी सुटलेले झाप रचायला लागलो. तोच पुढे बोलायला लागला. "होडीतनं उतरताना तिचा पाय चिखलात रुतला, मास्तर. आपटली. वऱ्हाड घाबरला, अपशकुन म्हनून. आनी ती पोर चिखलात बसून हसते! माज्या दोघी अशाच हसायच्या."

"पण तोडगा होता ना? रुई मेली की..."

"होता. भट बोललान होता. पन मंतर चुकला असला तर? रुई काय, दुसरी उगवते. पोर कुठनं आनायची?"

सगळ्या खाडीत भोळा म्हणून गाजलेला हा माणूस एका दुपारी शास्त्रावर एवढा अविश्वास दाखवून बसला होता, की माझं व्याख्यान त्यापुढे भजन वाटावं.

"मग सरळ नाही म्हणायचं."

"सरळ नाय बोललो असतो तर लोक पोरीत खोड काढते. मांडवातनं परत गेलेली, कोन करतो तिला? नवरा येडा निघाला, तर पोरीचा काय दोष?" तो बांगड्यांकडे बघत राहिला. "आनी एक दिवस येडा होऊन भागत नाय, मास्तर. दुसऱ्या दिवशी शाना झालो असतो तर लोकांनी इचारला असता."

"म्हणजे इतकी वर्षं हे सोंगच?"

"पैली दोन-तीन वर्सं," तातू म्हणाला. मग फांदीतली एक बांगडी सारखी करत, "मंग घरात बोलायला दुसरा कोन होता?"

खाडीला ओहोटी लागली तेव्हा त्यानं खोड उपटलं, ओटीसकट पाण्यात सोडलं, तिथंच डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओलेत्यानं घरात जाऊन दार लोटून घेतलं. त्याच्या चुलीचा धूर निघाला नाही.

सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजारी जेवण आणून देतात, एवढी रीत मलाही ठाऊक होती. दिवेलागणीला मी माझ्या हातचा मऊ भात भांड्यात घातला, कोणी बघत नाही ना हे पाहून घेतलं, आणि ओटीवर गेलो. तिथं ठेवायला जागा नव्हती. झाकलेली भांडी एकाला एक लागून मांडलेली होती. कुळथाची पिठी, भात, कोणाची पेज, कोणाचं पिठलं. वल्ह्याचा मार चुकवून पळालेल्या त्या भाविकाच्या घरची पितळी तर मी लांबूनही ओळखली. कोणी हाक मारली नव्हती. कोणी दार वाजवलं नव्हतं.

मी दोन भांडी जरा सरकवली आणि मधे माझं ठेवलं.

सकाळी उठून पाहिलं, तर सगळी भांडी घासूनपुसून ओटीच्या कठड्यावर उन्हात पालथी घातलेली होती. ज्याची त्यानं न्यावीत म्हणून.